ई-२० पेट्रोलवर वाद घालण्याआधी: कोणता मुद्दा कुठे आणि कसा तपासायचा

गॅरेजच्या बाकावर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत हा वाद आता हमखास निघतो. एकजण म्हणतो, "या इथेनॉलनं गाडीची वाट लावली, ॲव्हरेज तीस टक्के पडलं." दुसरा म्हणतो, "ब्राझीलमध्ये कधीपासून चाललंय, आपल्यालाच बरा त्रास होतो!" तिसरा साखर कारखानदारांवर घसरतो, चौथा परकीय चलनाचा हिशेब मांडतो. अर्ध्या तासानं सगळे दमतात आणि जो तो आपापल्या जागी कायम.

याचं साधं कारण म्हणजे चौघं चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. "ई-२० चांगलं की वाईट" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पण त्याच्या पोटात जे सात-आठ प्रश्न दडलेत, त्यांतल्या बहुतेकांना आहे. काहींचं उत्तर तुमच्याच गाडीवर मोजून मिळतं. काहींचं सरकारनं स्वतः छापलेल्या कागदात आहे. आणि दोन-तीन असे आहेत की सगळे आकडे टेबलावर आले तरी माणसं वेगवेगळ्या बाजूंना राहतील, कारण तिथे प्रश्न माहितीचा उरत नाही, कुणाला काय महत्त्वाचं वाटतं याचा असतो. कोणता प्रश्न कुठल्या खणातला हे आधी ओळखलं तर भांडण निम्म्यावर येतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. ई-२० म्हणजे मापाने ८० भाग पेट्रोल आणि २० भाग इथेनॉल, म्हणजे ऊस, मका यांच्यापासून होणारं अल्कोहोल. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० साठी होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ते २०२५-२६ वर ओढलं. १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० आलं आणि २०२५ मध्ये मिश्रण देशभर २० टक्क्यांच्या घरात पोचलं. वाद पेटला तो तेव्हा, कारण पंपावर ई-१० आणि ई-२० अशी निवडच उरली नाही.

पायरी १: समोरचा नेमकं काय म्हणतोय ते एका वाक्यात लिहून घ्या

"गाडी खराब होते" हे वाक्य तपासता येत नाही. "२०१५ च्या माझ्या कार्बोरेटरवाल्या बाईकचा पेट्रोल पाइप ई-२० मुळे फुगला" हे येतं. म्हणून पहिलं काम उलट प्रश्न विचारण्याचं, तेही भांडणाच्या सुरात नाही. "काका, गाडी कोणत्या साली घेतलेली? ॲव्हरेज मीटरवर बघितलं की टाकी फुल्ल करून काढलं? आधी किती होतं?" एवढ्या तीन प्रश्नांत बरेच दावे आपोआप आकुंचन पावतात. जे टिकतात ते ऐकण्यासारखे असतात.

ढोबळमानाने मुद्दे असे सुटतात: ॲव्हरेज, इंजिन आणि रबरी भाग, विमा-वॉरंटी, धूर, किंमत, ऊस-मका-पाणी, परकीय चलन, आणि निवडीचा हक्क. पहिले तीन तुमच्या गाडीचे, बाकीचे देशाचे. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. परकीय चलन वाचतं म्हणून तुमच्या बाईकचा पाइप शाबूत राहत नाही. आणि पाइप फुगला म्हणून परकीय चलन वाचत नाही असंही ठरत नाही.

पायरी २: "कशाच्या तुलनेत?" हे विचारल्याशिवाय टक्केवारी मान्य करू नका

ॲव्हरेजच्या भांडणाची सगळी गोम इथे आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण ६६ टक्के. आता कागद-पेन घ्या:

शुद्ध पेट्रोल १०० धरलं, तर ई-१० मध्ये ९० + (१० × ०.६६) = ९६.६.
ई-२० मध्ये ८० + (२० × ०.६६) = ९३.२.

शुद्ध पेट्रोलवरून ई-२० वर आलात तर ऊर्जा जवळपास ७ टक्के कमी. पण तुमची गाडी २०२२ पासून ई-१० च पीत होती. ई-१० वरून ई-२० वर येताना घट होते ९६.६ वरून ९३.२, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एकजण सात म्हणतो, दुसरा साडेतीन म्हणतो, आणि दोघंही बरोबर असतात. तुलना कशाशी केली हे कुणीच सांगत नाही.

सरकारी कागदही हेच सांगतात, फक्त वेगवेगळ्या रकान्यांत. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात लिहिलंय: मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचं १ ते २ टक्के. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या निवेदनात शेवटचा आकडा तोच राहिला, बाकीच्यांसाठी "३ ते ६ टक्के" असा आला. "सरकार म्हणतं फक्त एक-दोन टक्के" असं जो सांगतो तो एकच रकाना वाचून सांगतो, आणि तो रकाना कदाचित तुमच्या गाडीचा नसतोच.

आता "तीस टक्के पडलं" या दाव्याकडे या. मिश्रणातल्या २० टक्क्यांतून काहीच ऊर्जा मिळत नाही असं धरलं, अगदी तिथे नुसतं पाणी आहे आणि गाडी तरीही चालतेय अशी कल्पना केली, तरी घट २० टक्क्यांच्या आसपास थांबायला हवी. शंभर टक्के इथेनॉल भरलं असतं तर घट ३४ टक्के झाली असती. म्हणजे खरोखर ३० टक्के पडत असेल तर दोषी दुसरा कुणीतरी आहे: चोंदलेला इंजेक्टर, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर, घासणारे ब्रेक, घसरता क्लच, कमी हवेचे टायर, किंवा पंपावरचं माप. अशा माणसाला "तुम्ही खोटं बोलताय" म्हणू नका. त्याची गाडी खरंच आजारी असू शकते, आणि इथेनॉलला शिव्या देण्यात तो आजार तसाच राहून जातो.

पायरी ३: आपली गाडी कोणत्या रकान्यात बसते ते शोधा

गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक काढा आणि "इंधन" प्रकरण वाचा. टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकरही बघा. ढोबळ विभागणी अशी: एप्रिल २०२३ पासून ई-२० सोसणाऱ्या भागांच्या गाड्या आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनही ई-२० साठी जुळवलेल्या गाड्या, असं वेळापत्रक सरकारच्या आराखड्यात होतं. त्याआधीच्या गाड्यांमध्ये बरीच तफावत आहे. काही कंपन्यांनी लवकर बदल केले, काहींनी नाही. म्हणून मॉडेल आणि साल सांगून कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. "चालतं हो, काही होत नाही" हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचं तोंडी उत्तर वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही.

दुचाकीत सगळ्यात मोठी रेघ एप्रिल २०२० ची, म्हणजे बीएस-६ या धुराच्या कडक नियमांची. त्यानंतरच्या बहुतेक दुचाकी इंजेक्शनवाल्या. हा फरक महत्त्वाचा का? पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. मिश्रण बदललं की हवा-इंधनाचं प्रमाणही बदलायला हवं. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुरातला प्राणवायू बघून इंधन थोडं वाढवतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. जेट ठरावीक भोकाचं, ते तेवढंच इंधन सोडणार. परिणामी जुनी बाईक जराशी "लीन", म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी अशी, चालते: थंडीत सकाळी सुरू व्हायला कुरकुर, ॲक्सिलरेटर पिळला की क्षणभर दम खाणं. अनुभवी मेकॅनिक स्क्रू फिरवून किंवा जेट बदलून हे बऱ्यापैकी सुधारतो.

पायरी ४: ॲव्हरेज नीट मोजा, मगच ग्रुपवर टाका

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाचा असतो. टाकी ते टाकी पद्धतच खरी.

एकच पंप, शक्यतो एकच नोझल ठरवा. पहिला कट-ऑफ होईपर्यंत भरा आणि तिथेच थांबा. "थोडं अजून टाका" नको, कारण प्रत्येक वेळी ते "थोडं" वेगळं असतं. किलोमीटरचा आकडा लिहा. टाकी निम्म्याखाली गेली की पुन्हा तसंच भरा, बिलावरचे लिटर आणि किलोमीटर लिहा. असं किमान चार-पाच वेळा करा. शेवटी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. दरवेळच्या ॲव्हरेजची सरासरी काढू नका, त्यात चूक शिरते. दुचाकीची टाकी लहान असल्यामुळे एका भरण्यात पाव लिटरचा फरकही आकडा चांगलाच हलवतो. बाईकवाल्यांनी जास्त वेळा मोजावं.

सोबत टायरची हवा, एसीचा वापर, पाऊस, घाटाचा प्रवास हेही टिपून ठेवा. एप्रिल-मेमध्ये एसी लावून पुण्याच्या कोंडीत काढलेलं ॲव्हरेज डिसेंबरातल्या कोल्हापूर हायवेच्या ॲव्हरेजशी ताडून इथेनॉलवर खापर फोडणारे मी कितीतरी पाहिलेत. तीन-चार टक्क्यांचा फरक या गोंगाटात सहज बुडतो. २०२३ पूर्वीची लेखी नोंद तुमच्याकडे नसेल तर "आधी पंधरा द्यायची" हे आठवणीवर आहे, आणि आपल्या जुन्या गाडीबद्दलची आठवण नेहमी दोन किलोमीटर जास्तच देते.

खिशाचा हिशेबही करून टाका. समजा कार १५ चं ॲव्हरेज देते आणि महिन्याला १,००० किलोमीटर धावते; ६६.७ लिटर लागतात. पाच टक्के घटलं तर १४.२५, म्हणजे ७०.२ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याला साधारण ३६५ रुपये जास्त. हा आकडा नगण्य नाही आणि प्रलयही नाही. वाद घालताना टक्क्यांऐवजी रुपये बोला, आवाज आपोआप खाली येतो.

पायरी ५: "इंजिन खलास" या दाव्याचे सुटे भाग करा

इथेनॉल तीन गोष्टी करतं. काही प्रकारच्या रबराला आणि प्लास्टिकला फुगवतं किंवा कडक करतं. हवेतली ओल शोषतं. आणि जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटा करतं. तिन्ही रसायनशास्त्र म्हणून खरं आहे. पण "इंजिन खलास" हा त्यातून निघणारा निष्कर्ष नव्हे. खलास होतात ते आधी स्वस्तातले भाग.

जुन्या गाडीवाल्यानं पुढच्या सर्व्हिसिंगला एवढं बघायला सांगावं: पेट्रोल पाइप बोटानं दाबून चिकट, फुगलेला किंवा भेगाळलेला आहे का; कार्बोरेटरच्या वाटीचं गॅस्केट आणि फ्लोटची सुई ठीक आहे का; इंधन फिल्टर गाळानं भरलाय का; पत्र्याच्या टाकीत आतून गंज आहे का. फिल्टर थोडा लवकर बदला. पाइप बदलताना इथेनॉल सोसणारा मागा. पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरू न करता आधी गळती शोधा. इथे ॲव्हरेजपेक्षा आगीचा प्रश्न मोठा आहे.

महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा मुद्दा खरोखर वेगळा आहे. गावी ठेवलेली आजोबांची स्कूटर, परदेशात असलेल्या मुलाची कार, यांना कोकणातला पावसाळा आणि अर्धी टाकी हा वाईट योग. टाकीत हवा जास्त, हवेत ओल जास्त. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाशी उतरतं आणि इंजिन तळातलंच ओढतं. अशी गाडी उभी करताना कारची टाकी जवळपास भरलेली ठेवा, कार्बोरेटरवाल्या दुचाकीची वाटी रिकामी करून घ्या, आणि कुणाला तरी दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारायला सांगा. रोज धावणाऱ्या गाडीत पेट्रोल इतकं टिकतच नाही, त्यामुळे ही भीती तिला फारशी लागू नाही.

आणि या भीतीवर जगणारा एक बाजारही उभा राहिलाय: "इथेनॉल न्यूट्रल करणाऱ्या" बाटल्या, दर सर्व्हिसिंगला डीकार्ब (इंजिनातली काजळी साफ करणं), टाकीत टाकायची चुंबकं. पेट्रोलमधलं इथेनॉल टाकीतल्या टाकीत नाहीसं करणारं द्रव्य नसतं. पैसे पाइप आणि फिल्टरवर घाला.

पायरी ६: फिरत्या व्हिडिओंची चाळण

बाटलीचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पंपावरून पेट्रोल घेतात, त्यात पाणी ओततात, हलवतात, आणि खालचा थर ओतलेल्या पाण्यापेक्षा जास्त दिसतो. "बघा, पेट्रोलमध्ये पाणी!" प्रत्यक्षात इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, पाणी मिळताच ते पेट्रोल सोडून त्यात जातं आणि खालचा थर वाढतो. या प्रयोगानं सिद्ध होतं ते एवढंच, की पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, आणि ते सरकार स्वतःच सांगतंय. घरात हा प्रयोग करू नका. पंपावर खरंच पाण्याची किंवा भेसळीची शंका असेल तर घनता तपासून मागा, फिल्टर पेपरची चाचणी मागा, माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या प्रमाणित मापानं मोजून मागा. तिन्ही ग्राहकाचे हक्क आहेत.

"ई-२० भरलं तर विमा रद्द" ही अफवा ऑगस्ट २०२५ मध्ये जोरात फिरली आणि मंत्रालयानं ती खोडून काढली. तरी बारकावा लक्षात घ्या: मोटार विमा अपघाती नुकसानीचा असतो, हळूहळू झिजणाऱ्या पाइपाची भरपाई तो शुद्ध पेट्रोलच्या काळातही देत नव्हता. अफवा खोटी ठरली म्हणून फुगलेल्या पाइपाचा दावा मंजूर होणार नाही.

"प्रीमियम भरा, त्यात इथेनॉल नसतं" हाही सरसकट खरा नसलेला सल्ला. ऑक्टेन (इंजिनात अवेळी न पेटण्याची इंधनाची क्षमता) आणि इथेनॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असल्यामुळेच ते मिसळल्यावर मिश्रणाचं ऑक्टेन वाढतं. म्हणून ९५ चा आकडा बघून इथेनॉल नाही असं समजू नका, पंपावर विचारा.

मग ब्राझील. तिथला कार्यक्रम १९७५ पासूनचा, आणि ऑगस्ट २०२५ पासून साध्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल. हे खरं. पण २००३ पासून तिथे कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या जातात, आणि पंपावर मिश्र पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल अशा दोन किमती समोर असतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तर इथेनॉल भरायचं, हा तिथल्या चालकांचा पाठ झालेला हिशेब. उसालाही बव्हंशी पाऊस पुरतो. ब्राझीलचं उदाहरण द्यायचं तर अख्खं द्या, सोयीचं अर्धं नको. अमेरिकेचंही तसंच: ई-१० सर्रास, पण ई-१५ ला परवानगी २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरती, आणि पंपावर तशी चिठ्ठी लावलेली.

पायरी ७: ऊस, मका, पाणी आणि पैसा

इथून पुढे वाद गाडीतून उतरून शेतात जातो, आणि महाराष्ट्रात तर तो घराघरात आहे.

आधी शेतकरी. कारखान्याला साखर विकून पैसा हळूहळू मिळतो, तेल कंपन्यांकडून इथेनॉलचा लवकर मिळतो. त्यामुळे उसाचं बिल लवकर निघावं हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव, १४ दिवसांत द्यायची असते. म्हणून "शेतकऱ्याला फायदा झाला" असं कुणी म्हणालं की एकच विचारा: तुमच्या भागातल्या, आसवनी (इथेनॉल गाळण्याची डिस्टिलरी) असलेल्या कारखान्याची एफआरपी वेळेवर निघाली का, आणि आसवनी नसलेल्याची? हे साखर आयुक्तालयाच्या हंगामातल्या आकडेवारीवरून आणि बांधावरच्या चौकशीवरून कळतं. भाषणातून कळत नाही.

मग पाणी. नीती आयोगाच्याच आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी असा हिशेब आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता. हे ज्यानं पाहिलंय त्याला हा आकडा टोचणारच. पण इथेही एक गाठ सोडवा. एक टन उसाचा रस थेट इथेनॉलला वापरला तर सुमारे ७० लिटर मिळतं आणि साखर होत नाही. सी-हेवी मळीपासून केलं तर साखर काढून झाल्यावर उरलेल्यातून टनामागे १०-११ लिटर. पहिल्या प्रकारात सगळं पाणी इथेनॉलच्या खात्यावर टाकणं योग्य. दुसऱ्यात ऊस साखरेसाठीच लावला होता, मळी उरलेली आहे. "इथेनॉल पाणी पितं" म्हणण्याआधी कोणतं इथेनॉल ते विचारा. माझं मत विचाराल तर दुष्काळी तालुक्यांत नव्या आसवन्यांनी उसाचं क्षेत्र वाढतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो पेट्रोलच्या वादात कुणीच विचारत नाही.

शिवाय २०२४-२५ मध्ये इथेनॉलचा मोठा हिस्सा उसाकडून धान्याकडे, विशेषतः मक्याकडे गेला. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं साखरेच्या काळजीनं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंदी घातली, आठवडाभरात ती मर्यादेसह शिथिल केली. कर्ज काढून आसवन्या उभारलेल्या कारखान्यांना त्या आठवड्यात काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. २०२४-२५ चे खरेदीभाव बघा: सी-हेवी ५७.९७ रुपये लिटर, बी-हेवी (थोडी साखर शिल्लक असलेली मळी) ६०.७३, रसापासून ६५.६१, मक्यापासून ७१.८६. मका वर गेला की मक्याच्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त, आणि कोंबडीखाद्य महाग म्हणून पोल्ट्रीवाल्याला चार कमी. एकाचा फायदा दुसऱ्याचा खर्च, आणि कुणाचा जास्त मोलाचा हे कोणताही प्रयोग सांगू शकत नाही.

किमतीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२१ च्या आराखड्यात स्पष्ट म्हटलं होतं, की ऊर्जा कमी असल्यामुळे अशा इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी. जुन्या गाड्यांसाठी ई-१० ही संरक्षक श्रेणी म्हणून ठेवण्याची कल्पनाही त्यात होती. प्रत्यक्षात दोन्ही झालं नाही. मंत्रालयाचं २०२५ मधलं उत्तर असं, की तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता शुद्धीकरण कारखान्यातल्या पेट्रोलपेक्षा महाग पडतं, मग सवलत कुठून देणार? उत्तर तर्काला धरून आहे. पण त्याचा अर्थ असा, की देशाच्या ऊर्जासुरक्षेचा खर्च वाहनचालक लिटरमागे थोडा थोडा भरतोय. तो भरायला हरकत नाही असं कुणी म्हणेल, मीही कदाचित म्हणेन. फक्त तो खर्च आहे हे मान्य करून म्हणावं. ई-१० ची एक टाकी पंपावर ठेवणं खर्चाचं होतं, अशक्य नव्हतं.

परकीय चलन: सरकार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १.४४ लाख कोटी रुपये वाचल्याचं सांगतं. एक-दोन वर्षांचा नव्हे, साधारण अकरा वर्षांचा एकत्र आकडा आहे, हे ध्यानात ठेवून वापरा. धुराबद्दल: आराखड्यातल्या चाचण्यांत ई-२० वर कार्बन मोनॉक्साइड दुचाकीत निम्म्यानं आणि चारचाकीत ३० टक्क्यांनी कमी, हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी कमी, नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ठोस कल नाही, आणि ॲसिटाल्डिहाइड वाढलेलं. शेवटचा भाग भाषणांत गाळला जातो.

पायरी ८: "यात कुणाचा हात आहे" हा मुद्दा कुठे ठेवायचा

इथेनॉलमागे साखरसम्राट आहेत असं एक बाजू म्हणते. विरोधामागे तेल आयातीचे हितसंबंध आहेत असं दुसरी. महाराष्ट्रात साखर आणि राजकारण वेगळं काढता येत नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. हितसंबंध दिसले की कागद दुप्पट काळजीनं तपासावा, हे रास्तच. पण ऊर्जेचा हिशेब कारखानदारानं मांडला काय आणि तेलवाल्यानं मांडला काय, ६६ चे ६६ च राहतात. म्हणून हा मुद्दा सगळ्यात शेवटी काढा. सुरुवातीलाच काढलात तर पुढचं कुणी ऐकत नाही.

पायरी ९: उरलेला प्रश्न योग्य दारात न्या

पंपाची तक्रार असेल तर बिल, वेळ आणि नोझल क्रमांकासह पंपावरच्या तक्रारवहीत लिहा, तेल कंपनीला कळवा, मापाची असेल तर वैधमापन कार्यालयाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येते. भरल्यावर लगेच गाडी बंद पडली असेल तर टाकीतून काढलेला नमुना मेकॅनिकच्या उपस्थितीत बंद डब्यात ठेवा आणि फोटो घ्या.

धोरणाचा प्रश्न असेल तर आधी संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं शोधा. खासदारांनी विचारलेले आणि मंत्र्यांनी लेखी दिलेले आकडे तिथे असतात, आणि बातमीत त्यांचा निम्माच भाग येतो. तिथे नसेल तर पेट्रोलियम मंत्रालयाला माहितीच्या अधिकारात ऑनलाइन अर्ज करा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. "जनतेची फसवणूक का केली?" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण कायदा अस्तित्वात असलेली कागदपत्रं देतो, खुलासे नाही. असं लिहा: "बीएस-४ आणि त्यापूर्वीच्या दुचाकींवर ई-२० च्या टिकाऊपणाच्या ज्या चाचण्यांच्या आधारे ऑगस्ट २०२५ चं निवेदन काढलं, त्या चाचण्यांच्या अहवालांच्या प्रती, वाहनांची मॉडेलं आणि चाचणीचं एकूण अंतर यांसह द्याव्यात." उत्तर आलं की ग्रुपवर टाकताना सगळी पानं टाका, नाहीतर पिवळ्या रंगानं रंगवलेल्या एका ओळीवरून नवा वाद सुरू होईल.